स्मृतीचं २०२५ कमी लेखणाऱ्यांना

स्मृती मानधनाने २०२५ या वर्षात एकदिवसीय सामन्यांत १३६२ धावा काढल्या. त्याआधी महिला क्रिकेटमध्ये एका कॅलेंडर वर्षात कुणी हजारही गाठले नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कचा १९९७ सालचा ९७० धावांचा विक्रम अठ्ठावीस वर्षं तसाच उभा होता. हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही २ नोव्हेंबरच्या रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने विश्वचषक उचलला तेव्हापासून आमच्या नवी मुंबईत एक वेगळाच सूर ऐकू येतो. हार्बरच्या डब्यात, सोसायटीच्या गच्चीवर, क्रिकेट बारकाईने पाहणाऱ्या माणसांच्या तोंडून हेच ऐकावं लागतं: १३६२ झाल्या कारण ती तेवीस डाव खेळली, क्लार्कने चौदा डावांत ९७० काढल्या, तिची सरासरी ८०.८३ आणि स्मृतीची ६१.९०, उपांत्य सामन्यात स्मृतीच्या २४, अंतिम सामन्यात ४५, चषक जिंकून दिला तो जेमिमा, दीप्ती आणि शफालीने, तेव्हा हे वर्ष मोठं खरं, पण इतिहासातलं सर्वोत्तम वगैरे म्हणू नका.

या म्हणण्यातला एकेक आकडा खरा आहे, आणि म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं. खोट्या आकड्यांवर उभं असलेलं मत आपोआप कोसळतं, खऱ्या आकड्यांवरचं चुकीचं मत मात्र रुजतं. माझं म्हणणं असं की महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये फलंदाजीचं इतकं मोठं वर्ष आजवर कुणी खेळलेलं नाही. तेही १३६२ या आकड्यामुळे नाही. तो आकडा मी बाजूला ठेवायला तयार आहे.

डावांची तक्रार आधी घेऊ. तेवीस डावांची बेरीज चौदा डावांच्या बेरजेशी थेट ताडून पाहायची नाही, हे मला मान्य आहे. हा वाद जुना आहे आणि तो सर्वांत गाजला अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये. बेब रूथने १९२७ साली ६० होमरन मारले, तेव्हा हंगाम १५४ सामन्यांचा होता. १९६१ साली रॉजर मॅरिसने ६१ मारले, पण त्या वर्षी संघ वाढले होते आणि हंगाम १६२ सामन्यांचा झाला होता. बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी हंगाम चालू असतानाच जाहीर केलं की १५४ सामन्यांत विक्रम मोडला नाही, तर दोन्ही विक्रमांची नोंद वेगळी राहावी. हे फ्रिक एकेकाळी रूथच्या नावाने छापून येणारे लेख लिहून देत असत, तेव्हा त्यांचा ओढा कुणीकडे होता हे सांगायला नको. मॅरिस या शेऱ्याखाली अख्खी कारकीर्द भरडला गेला आणि तो भेद १९९१ साली, तो वारल्यावर, पुसला गेला. पण दोघांना फलंदाजीची संधी किती वेळा मिळाली हे मोजलं तर काय दिसतं? रूथ ६९१ वेळा, मॅरिस ६९८ वेळा. सात वेळांचा फरक. सामने मोजणाऱ्यांनी त्या माणसावर अन्याय केला, कारण त्यांनी मोजायची वस्तूच चुकीची निवडली.

स्मृतीच्या बाबतीत संधींचा फरक खराच मोठा आहे, म्हणून एकूण धावा मी सोडून देतो. पण मग समोरच्यांनीही सरासरीला हात लावण्याआधी ती कशाची बनली आहे ते पाहावं.

क्लार्कच्या ८०.८३ मध्ये वांद्र्याची एक दुपार आहे. १६ डिसेंबर १९९७, विश्वचषक, एमआयजी क्लबचं मैदान, समोर डेन्मार्क. ऑस्ट्रेलियाने ३ बाद ४१२ केल्या, क्लार्क नाबाद २२९. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधलं, पुरुष आणि महिला धरून, ते पहिलं द्विशतक. पुरुषांमध्ये ते व्हायला सचिनचं ग्वाल्हेर, म्हणजे २०१० साल उजाडावं लागलं. डेन्मार्कचा डाव ४९ धावांत आटोपला. त्याच दिवशी पुण्यात इंग्लंडच्या शार्लट एडवर्ड्सने आयर्लंडविरुद्ध नाबाद १७३ केल्या. तिला अठरा वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस होता. एकाच दिवशी महाराष्ट्रातल्या दोन मैदानांवर अशा दोन खेळ्या होतात यावरून त्या अकरा संघांच्या स्पर्धेत वरच्या आणि खालच्या संघांत किती अंतर होतं ते कळतं. डेन्मार्कचा महिला संघ दोन वर्षांनी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधूनच दिसेनासा झाला.

आता साधा हिशेब. ९७० मधून २२९ वजा करा. राहतात ७४१. क्लार्क त्या वर्षी चौदा डावांत दोनदा नाबाद राहिली, म्हणजे बारा वेळा बाद झाली. ७४१ भागिले १२: सरासरी ६१.७५.

स्मृतीची ६१.९०.

म्हणजे ज्या एकोणीस धावांच्या फरकावर हा सगळा युक्तिवाद उभा आहे, तो फरक वांद्र्यातल्या एका दुपारी तयार झाला, दोन वर्षांत नाहीशा झालेल्या एका संघासमोर.

यावर लगेच कुणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की क्लार्कचं डेन्मार्क वगळता तर स्मृतीचं आयर्लंडही वगळा. वगळतो. जानेवारीत राजकोटला तिने आयर्लंडविरुद्ध ४१, ७३ आणि १३५ केल्या; शेवटच्या सामन्यात भारताने ५ बाद ४३५ केल्या आणि ३०४ धावांनी सामना जिंकला. त्या २४९ धावा काढून टाका. राहतात १११३; वीस डाव, एकोणीस वेळा बाद, सरासरी ५८.५८. आयर्लंडशिवायही ती हजाराच्या वर आणि क्लार्कच्या संपूर्ण वर्षाच्याही वर. आणि एवढ्या कडक चाळणीतून जायचं तर क्लार्कच्या बाजूला मेलबर्नही येतं. १९९७च्या फेब्रुवारीत नुकतंच आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळू लागलेल्या पाकिस्तानसमोर ऑस्ट्रेलियाने ४ बाद ३९७ केल्या आणि त्यांना २३ धावांत गुंडाळलं. क्लार्कच्या त्या वर्षीच्या शतकांपैकी एक त्याच सामन्यातलं.

क्लार्कला खाली ओढण्याची मला इच्छा नाही. ज्या काळात ऑस्ट्रेलियाच्या मुलीही नोकरी सांभाळून, रजा काढून खेळत होत्या, त्या काळात तिने हा खेळ दाखवला. त्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ईडन गार्डन्सवर न्यूझीलंडविरुद्ध तिने अर्धशतक केलं आणि कर्णधार म्हणून चषक नेला. समोर आलेला संघ दुबळा असेल तर २२९ कराव्यात, त्यात कमीपणा काहीच नाही. माझी हरकत आहे ती ८०.८३ हा आकडा सुटा उचलून एखाद्या निकालपत्रासारखा पुढे करण्याला.

मग मोजायचं कसं? मला वाटतं, धावा कुणाविरुद्ध झाल्या हे सर्वांत आधी विचारावं. महिला क्रिकेटमध्ये या प्रश्नाचं उत्तर गेली कित्येक वर्षं एकाच नावाने सुरू होतं: ऑस्ट्रेलिया, सात वेळचे जगज्जेते. स्मृती २०२५ मध्ये त्यांच्याविरुद्ध पाच डाव खेळली. ५८, ११७, १२५, ८० आणि २४. बेरीज ४०४, पाचही वेळा बाद, सरासरी ८०.८०. क्लार्कची संपूर्ण वर्षाची, डेन्मार्क आणि पाकिस्तान धरून, ८०.८३, स्मृतीची फक्त ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८०.८०. क्लार्कला तिच्या वर्षात ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळावं लागलं नाही, कारण ती स्वतःच ऑस्ट्रेलिया होती. त्यात तिचा काही दोष नाही, पण तुलना करायला बसलो आहोत तर ही गोष्ट तागडीत पडलीच पाहिजे.

आणि त्या धावांचा वेग बघा. २० सप्टेंबरला दिल्लीत ऑस्ट्रेलियाने ४१२ केल्या. एवढ्या धावांचा पाठलाग करायला सलामीला आलेल्या फलंदाजाने काय करावं? स्मृतीने पन्नास चेंडूंत शतक केलं. भारताच्या कुणाही खेळाडूचं, पुरुषांसकट, एकदिवसीय सामन्यातलं ते सर्वांत वेगवान शतक. कोहलीचं बावन्न चेंडूंचं होतं. ती ६३ चेंडूंत १२५ करून बाद झाली. भारताने ३६९ केल्या आणि ४३ धावांनी सामना गमावला.

इथे ठरलेलं वाक्य येतं: "पण सामना हरलो ना." ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या या पाच सामन्यांपैकी तीन भारत हरला, तेव्हा त्या धावांना अर्थ काय, असं विचारणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांना मी सांगलीकडे न्यायचं म्हणतो. स्मृती लहानाची मोठी झाली ते गाव, आणि विजय हजारे जन्मले तेही गाव. १९४३-४४च्या पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना ब्रेबॉर्नवर झाला, हिंदू विरुद्ध इतर. विजय मर्चंट यांनी हिंदूंसाठी नाबाद २५० केल्या. इतरांना फॉलोऑन मिळाला आणि दुसऱ्या डावात त्यांचा संघ ३८७ वर बाद झाला. त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. भाऊ विवेक हजारे यांच्यासोबत त्यांनी तीनशेची भागीदारी केली, तिच्यात विवेक यांच्या धावा २१. सामना डावाने गेला. ऐंशी वर्षं झाली, मराठी माणूस त्या ३०९ बद्दल अजून बोलतो आणि त्याला कधी कुणी विचारत नाही की सामना हरले मग त्या धावा कसल्या मोजता. मर्चंट मोठे की हजारे हा वाद आपल्या आजोबांनी याच आकड्यांवर घातला आणि त्यात हरलेल्या सामन्याची खेळी कधी कमी धरली नाही. हजाऱ्यांना एक न्याय आणि त्यांच्याच गावच्या मुलीला दुसरा, हे मला पटत नाही. दिल्लीत ४१२ धावा दिल्या त्या गोलंदाजांनी. विशाखापट्टणमला स्मृतीच्या ८० आणि भारताच्या ३३० झाल्यावरही ऑस्ट्रेलियाने तो पाठलाग पूर्ण केला, तोही तिच्यामुळे नाही. उलट जिथे गोलंदाजांनी साथ दिली तिथे काय झालं ते न्यू चंडीगडला दिसलं: तिच्या ११७, भारताच्या २९२, ऑस्ट्रेलिया १९० वर बाद. १०२ धावांनी पराभव, ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाचा एकदिवसीय क्रिकेटमधला धावांच्या हिशेबात सर्वांत मोठा.

आता एक आक्षेप असा आहे, जो विरोधक फारसा घेत नाहीत, पण तोच सगळ्यांत वजनदार आहे. २०२५ मध्ये सगळ्यांनीच भरमसाट धावा केल्या. दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वोल्वार्डनेही त्याच वर्षी हजारी ओलांडली. तिच्याच संघातल्या ताझमिन ब्रिट्सची शतकंही पाच, स्मृतीइतकीच. विश्वचषकात वोल्वार्डच्या ५७१ धावा, स्मृतीच्या ४३४. काळच जर धावांचा असेल तर एकटीच्या आकड्याला किती किंमत द्यायची? बेसबॉलवाले या प्रश्नाशी फार आधीपासून झुंजत आहेत. त्यांच्याकडे असे आकडे आहेत जे त्या वर्षीच्या सरासरी फलंदाजाला १०० धरतात, मैदान छोटं की मोठं हेही हिशेबात घेतात आणि मग सांगतात की अमुक माणूस त्या शंभराच्या किती वर होता. १९२० साली रूथने एकट्याने ५४ होमरन मारले, तेव्हा त्याच्या लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही अख्ख्या संघाने तेवढे मारले नव्हते. या पद्धतीने क्लार्कचं १९९७ आपल्या काळाच्या बरंच वर उठून दिसेल हे मी मान्य करतो. समकालीनांपासून अंतर एवढाच निकष लावायचा असेल तर क्लार्कची बाजू भक्कम आहे.

पण तोच निकष का अपुरा पडतो तेही सांगायला हवं. जेव्हा मोजके देश गंभीरपणे खेळतात आणि बाकीचे नुकते शिकत असतात, तेव्हा चांगल्या खेळाडूचं सरासरीपासूनचं अंतर फुगतं. खेळ सगळीकडे सुधारला की ते अंतर आटतं, आणि वर राहणं अधिक अवघड होतं. २०२५च्या विश्वचषकात आठच संघ होते. प्रत्येक संघाकडे तुमच्या मागच्या दहा डावांचं चित्रण असतं, तुम्ही ऑफस्टंपबाहेर कुठे अडखळता याचा तक्ता असतो. अशा वर्षात सलामीला येऊन शंभर चेंडूंना जवळपास ११० धावांच्या गतीने खेळायचं आणि तरी साठच्या वर सरासरी ठेवायची, हे १९९७च्या कुठल्याही अंतरापेक्षा मला मोठं वाटतं. वोल्वार्ड तिच्या जवळ आली हे खरं. पण वर्षभराचा पसारा, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा हिशेब आणि गती ही तिन्ही एकत्र धरली तर स्मृती पुढे आहे.

राहिला बाद फेरीचा आक्षेप, जो नेरूळमध्ये सर्वांत जोराने मांडला जातो, कारण दोन्ही सामने आमच्याच दारात झाले. ३० ऑक्टोबरला ३३९चा पाठलाग. जेमिमा नाबाद १२७, हरमनप्रीत ८९. स्मृती २४ वर गेली. २ नोव्हेंबरला शफाली ८७ आणि दोन बळी, दीप्ती ५८ आणि पाच बळी. या मुलींचं श्रेय कुणी हिरावून घेत नाही. पण अंतिम सामन्यात पहिल्या गड्यासाठी १०४ धावा झाल्या तेव्हा दुसऱ्या टोकाला कोण उभं होतं? शफाली जखमी सलामीवीर प्रतिका रावलच्या जागी उपांत्य सामन्यापासून संघात आलेली, दीर्घ काळाने या प्रकारात खेळणारी. तिला मोकळं खेळता यावं म्हणून स्मृतीने ५८ चेंडूंत ४५ असा स्वतःच्या स्वभावाविरुद्ध खेळ केला. धावफलकावर तो डाव साधा दिसतो. पाहणाऱ्याला तो साधा वाटला नाही.

आणि बाद फेरी म्हणजे वेळापत्रकावर तसं छापलेला सामनाच असतो का? भारत आधी दक्षिण आफ्रिकेकडून हरला, मग ऑस्ट्रेलियाकडून, मग इंग्लंडकडून. सलग तीन. २३ ऑक्टोबरला याच डी. वाय. पाटीलवर न्यूझीलंडविरुद्ध हरलो असतो तर उपांत्य फेरीचं दार जवळपास मिटलं असतं आणि जेमिमाची ती रात्र बहुधा उगवलीच नसती. त्या सामन्यात स्मृतीने ९५ चेंडूंत १०९ केल्या, प्रतिकाने १२२, दोघींची सलामी २१२. भारताने ३ बाद ३४० केल्या, पावसाच्या नियमाने ५३ धावांनी जिंकलो आणि उपांत्य फेरीत गेलो. माझ्या लेखी वर्षातली सर्वांत दडपणाची खेळी तीच, आणि ती याच गावात झाली. जे लोक त्या दिवशी स्टेडियमवर होते तेच आठवड्याने म्हणू लागले की ती मोठ्या सामन्यात खेळत नाही. हे कसं?

काहीजण याला जोडून २०१७च्या लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यातलं तिचं शून्य काढतात. एका वर्षाचं मोजमाप चाललेलं असताना आठ वर्षांपूर्वीचा डाव कागदावर येऊ शकत नाही. यायचाच असेल तर २०२५चा मे महिनाही यावा: कोलंबोत तिरंगी मालिकेचा अंतिम सामना, यजमान श्रीलंकेविरुद्ध ११६. तोही अंतिम सामनाच होता.

खरा डाग एकच आहे आणि तो मी लपवत नाही. १९ ऑक्टोबर, इंदूर, इंग्लंडच्या २८८चा पाठलाग. स्मृती ८८ वर होती, सामना हातात होता, ती हवेत फटका मारून बाद झाली आणि भारत चार धावांनी हरला. फटक्याची ती निवड चुकली, तिने स्वतः तसं बोलूनही दाखवलं. या एका डावावर कुणी बोट ठेवलं तर मी वाद घालणार नाही. पण तेवीस डावांच्या वर्षात अशी खेळी एक सापडते, आणि तीही ८८ धावांची.

कारकिर्दीची तुलना मी या लेखात आणलेली नाही आणि आणू देणारही नाही. क्लार्कने ११८ सामन्यांत ४८४४ धावा केल्या, सरासरी ४७.४९, आणि कर्णधार म्हणून दोन विश्वचषक जिंकले. स्मृतीने विशाखापट्टणमच्या सामन्यात पाच हजारांचा टप्पा ओलांडला, पण तिची कारकीर्द अजून चालू आहे आणि कर्णधारपदाचा तो हिशेब तिच्या खात्यात नाही. दोघींत मोठी कोण हा प्रश्न उघडा आहे. क्लार्क म्हणणाऱ्याशी मी आज भांडणार नाही. २०२५ विरुद्ध १९९७ हा प्रश्न मात्र वेगळा आहे. तिथे जो कुणी मला ८०.८३ दाखवेल, त्याला मी आधी वांद्र्याच्या त्या दुपारचा धावफलक दाखवीन आणि मग ऑस्ट्रेलियाविरुद्धचे स्मृतीचे पाच डाव.